तपासणीच्या दिवशीचा उजवा हात

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याची माझ्याबद्दल भलतीच समजूत व्हायला नको. लहानपणी मी कुत्र्यांना भ्यायचो, कॉलेजात प्रोफेसरांना भ्यायचो, आणि नगरच्या एका हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर म्हणून चिकटलो तेव्हा तर भ्यायला इतक्या जागा मिळाल्या की कुठून सुरुवात करावी ते कळेना. बी.ए. झालो होतो, मास्तरकीची बी.टी. अजून व्हायची होती, म्हणून नोकरी कच्ची. घरी आई आणि लग्नाची बहीण. हेडमास्तरांच्या कपाळाला आठी पडली की मी वाट बदलायचो. त्यांच्या कपाळाला आठी नाही असे दिवस वर्षातून दोन-तीनच असत.

त्यातून ते साल बेचाळीस. ऑगस्टात पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि गावाचा नूरच बदलला. किल्ल्यात कुणाला आणून ठेवलंय हे भाजीवाल्यापासून वकिलापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते कुणी मोठ्यानं म्हणत नसे. किल्ल्याकडच्या रस्त्यानं जाताना माणसं उगीचच पावलं उचलून चालायची. आमच्या शाळेच्या खिडक्यांखालून दिवसभर लष्करी लॉऱ्या जायच्या. त्या गेल्या की बाकं थरथरायची, आणि बाकांबरोबर मी.

आणि नेमकं त्याच वर्षी इंग्रजी सातवीला, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गाला, एक जुनं शोकान्त नाटक लागलं होतं. राजा मातलेला असतो, त्याचेच चार सरदार त्याला ठार मारतात. हेतू चांगला असतो, निदान त्यांना तसं वाटतं. पुढे एकेक करून तेही मरतात. एरवी कुठल्याही वर्षी हे नाटक शिकवून मी सुखानं चहा प्यायलो असतो. पण त्या वर्षी वर्गात उभं राहून, राजाला मारावं की न मारावं याची चर्चा मोठ्या आवाजात वाचायची म्हणजे काय, ते मुंबईत बसून पुस्तकं नेमणाऱ्यांना काय कळणार!

मी हेडमास्तरांकडे गेलो. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, झुरळ धरावं तसं दोन बोटांत धरलं आणि म्हणाले, "शिकवायला तर हवंच. परीक्षेला आहे. पण अहो, आवाज जरा खाली ठेवा. आणि तो खून पंधरा मिनिटांत उरका."

खून पंधरा मिनिटांत उरकणं मला जमलं नाही. पण आवाज खाली ठेवणं मात्र फारच छान जमलं. सरदार रात्री एकत्र जमून कट शिजवतात तो प्रवेश शिकवायच्या आधी मी उठून रस्त्याकडच्या खिडक्या लावून घेतल्या. मग दबक्या आवाजात, दाराकडे बघत बघत वाचायला लागलो. छत्तीस मुलं बाकांवर पुढे सरकून ऐकत होती. एरवी मागच्या बाकावर बोरं खाणारी टोळीसुद्धा गप्प होती. मी किती सुंदर शिकवतो अशी शाळेत बोलवा झाली ती त्या तासापासून. खरी गोष्ट एवढीच की मी घाबरलो होतो आणि नाटकातले सरदारही घाबरलेले होते, त्यामुळे मला वेगळं काही करावं लागलं नाही.

त्या छत्तिसांत मुलगी एकच. तेव्हा रिवाज असा होता की मुलींनी त्यांच्या खोलीत थांबायचं, शिक्षक वर्गाकडे निघाले की त्यांच्या मागोमाग यायचं आणि तास संपला की मागोमागच बाहेर पडायचं. मुलगी एकच असली म्हणून काय झालं, रिवाज तो रिवाज. मी पुढे आणि पाच-सहा पावलांवर ती मागे, अशी आमची रोजची मिरवणूक व्हरांड्यातून निघायची. तिचं बाक माझ्या टेबलाला लागूनच होतं.

ती सोनईकडची. वडील तिकडच्याच एका खेड्यात प्राथमिक शाळेत मास्तर. ती नगरला मावशीकडे राहून शिकत होती. जूनमध्ये वडील मला भेटायला आले होते. अक्षर माझ्यापेक्षा देखणं असणारा, बोलणं मात्र गावचंच ठेवलेला माणूस. डोक्याचं पागोटं काढून मांडीवर ठेवत म्हणाले, "मास्तरसाहेब, पोरीचं हे एकच वर्स हाय. घरात समदे लगीन लगीन करून बसल्यात. म्या म्हनलं, मॅट्रिक हुं द्या, मंग काय करायचं ते करा. यंदा गाडी चुकली तर पुन्यांदा बसायला मिळायचं न्हाई तिला."

"गुरुजी, मुलगी हुशार आहे. काळजी करू नका," असं मी म्हणालो. दुसऱ्याला काळजी करू नका म्हणायला मला कधीच जड गेलेलं नाही.

ऑगस्टात तिचा थोरला भाऊ नाहीसा झाला. भूमिगत झाला असं मुलं कुजबुजायची. पोलीस मावशीच्या घरी दोनदा येऊन गेले. ती दोन दिवस शाळेत आली नाही, तिसऱ्या दिवशी आली आणि माझ्या मागून पाच-सहा पावलांवर चालत वर्गात येऊन बसली. मी तिच्याकडे बघितलं नाही. मला तिची दया येत होती आणि तिची भीतीही वाटत होती. दोन्हीतली भीती जास्त होती.

नाटक तिला वेड्यासारखं आवडलं होतं. एकदा तास संपताना ती उभी राहिली. "सर, त्या सरदारांनी आधी लोकांना का विचारलं नाही?"

मी खिडकीकडे पाहिलं. खिडकी उघडी होती.

"हा प्रश्न परीक्षेला येत नाही," मी म्हणालो. "खाली बस."

दिवाळीनंतर तपासणी आली. पुण्याहून शिक्षणखात्याचे इन्स्पेक्टरसाहेब येणार, त्यांच्या शेऱ्यावर शाळेची ग्रँट आणि माझी नोकरी. हेडमास्तरांनी आठ दिवस शाळा धुऊन काढली, नकाशे बदलले, आणि मग आपलं खास शस्त्र बाहेर काढलं. ते शस्त्र असं: साहेबांनी कोणताही प्रश्न विचारला की सगळ्या वर्गानं हात वर करायचा. एकही हात खाली दिसता कामा नये. ज्याला उत्तर येतंय त्यानं उजवा करायचा, ज्याला येत नाही त्यानं डावा. शिक्षकानं फक्त उजव्या हातवाल्याला उठवायचं. साहेबाला वाटावं, काय हा वर्ग! सगळ्यांना सगळं येतंय!

हे आम्ही रोज घोटून घेत होतो. हेडमास्तर स्वतः दारात उभे राहून काहीही विचारायचे. भूमध्य समुद्र कुठे आहे? सटासट हात वर. पाण्याला उकळी कधी फुटते? हात वर. सहाव्या दिवशी ते वर्गात येऊन नुसते खोकले तरी चौदा हात वर गेले. हेडमास्तर खूश. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. कशाची भीती वाटतेय ते सांगता आलं नसतं, पण वाटत होती.

तपासणीच्या दिवशी साहेब तिसऱ्या तासाला माझ्या वर्गात आले. हॅट, सूट, पण माणूस आपल्यातलाच. चेहरा असा की त्यावरून काहीच कळू नये. हेडमास्तर त्यांच्या मागे हात बांधून उभे. मी नाटकाचा शेवटचा, अगदी निरुपद्रवी भाग निवडून ठेवला होता. सगळे मेल्यानंतरचा. साहेबांनी दहा मिनिटं ऐकलं, मग खुर्चीतून उठून वर्गासमोर आले आणि इंग्रजीत सरळ विचारलं, "राजाला मारणाऱ्या सरदारांनी योग्य केलं, असं तुमच्यापैकी कुणाकुणाला वाटतं?"

सटासट छत्तीस हात वर गेले.

मी आयुष्यात पुष्कळ वेळा घाबरलो आहे, पण त्या क्षणासारखं नाही. बेचाळीस साल, बाहेर लष्कराच्या लॉऱ्या, हाकेच्या अंतरावर किल्ला आणि माझा अख्खा वर्ग हात वर करून सरकारी अधिकाऱ्याला सांगतोय की राजाला मारलं ते बरंच केलं! हात सगळे ताठ, कोपरात वाक नाही. आठ दिवस घोटून घेतलं होतं ना. मागून हेडमास्तरांचा श्वास अडकल्याचा आवाज आला. साहेबांनी भुवया उंचावल्या. "सगळे?" त्यांनी विचारलं. "एकूण एक?"

मुलांना वाटलं, आणखी एक प्रश्न आला. त्यांनी हात आणखी उंच केले.

मग माझी जीभ सुटली. माझ्या तोंडून काय बाहेर पडतंय ते मला बाहेर पडल्यावर कळत होतं. "साहेब, साहेब, हे हात होकाराचे नाहीत! मुलांना तशी सवय लावलेली आहे. प्रश्न आला की सगळे हात वर करतात. ज्याला येत नाही तो डावा करतो, येतं तो उजवा करतो. बघा ना साहेब, सगळे डावे आहेत! यांना काही सुद्धा येत नाही!"

साहेबांनी वर्गावरून नजर फिरवली. मीही फिरवली. डावा, डावा, डावा. पहिल्या नंबरच्या मुलानं तर अर्धा वर गेलेला उजवा हात खाली घेऊन डावा केला होता. पुढे तो सरकारी नोकरीत फार वर चढला, त्यात मला काही नवल वाटलं नाही. पस्तीस डावे हात. आणि माझ्या टेबलाला लागून असलेल्या बाकावर एक उजवा.

तो मी दाखवून दिला होता. नसता दाखवला तर छत्तीस हातांत एक हात कुणाच्या लक्षात आला असता? पण आता साहेबांना वर्गात तोच एक हात दिसत होता. ती हात खाली घेईल, डावा करेल, काहीतरी करेल म्हणून मी तिच्याकडे बघितलं. तिनं हात तसाच ठेवला होता. चेहरा पांढरा पडला होता, पण हात खाली आला नाही.

"म्हणजे हिला येतं," साहेब म्हणाले. "सांग. योग्य केलं त्यांनी?"

ती उभी राहिली. इंग्रजी शब्द एकेक करून, जपून जपून ठेवत बोलली. राजा दुष्ट होता, त्याला दूर करायलाच हवं होतं, असं म्हणाली. पण चार माणसांनी एका खोलीत बसून ठरवलं, लोकांना विचारलं नाही, म्हणून नंतर लोक त्यांच्या बाजूनं उभे राहिले नाहीत, असं म्हणाली.

"आणि लोकांना विचारलं असतं तर?"

"तर योग्य झालं असतं, सर."

साहेबांनी खिशातून एक छोटी वही काढली. तिचं संपूर्ण नाव विचारलं, गाव विचारलं आणि लिहून घेतलं. मग वही खिशात टाकून पुढच्या मुलाला क्रियापदाची रूपं विचारली आणि पाच मिनिटांनी निघून गेले.

शाळेच्या शेरेबुकात त्यांनी वर्गात उजेड कमी आहे आणि इंग्रजीचं अध्यापन समाधानकारक आहे एवढंच लिहिलं. पण शेरेबुकाला कोण भीत होतं? आम्ही भीत होतो त्या खिशातल्या वहीला. तिच्यात काय लिहिलं असेल, ती पुण्याला जाऊन कुणापुढे उघडली जाईल, याचा हेडमास्तरांनी आणि मी दोन दिवस इतका विचार केला की तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून दार लावून घेतलं. आधी माझी हजामत झाली. वर्षानुवर्षं चाललेली युक्ती मी एका मिनिटात चव्हाट्यावर आणली म्हणून. मग त्यांनी टेबलावरचा एक छापील कागद माझ्याकडे सरकवला. तिचा मॅट्रिकचा फॉर्म होता.

"उद्या शनिवार. सगळे फॉर्म उद्या चारच्या टपालानं मुंबईला जाणार. हा मी थांबवून ठेवलाय. पुढे चौकशी झाली तर मी काय सांगू? भाऊ फरारी, आणि ही बया साहेबासमोर असली उत्तरं देते. वर्गशिक्षक म्हणून तुम्ही लेखी द्या की हिचा चळवळीशी काही संबंध नाही, वर्तन उत्तम आहे आणि जबाबदारी तुमची. मग मी पाठवतो. नाही तर नाही."

"विचार करून सांगतो," मी म्हणालो.

त्या दिवशी तासाला जाताना ती नेहमीप्रमाणे माझ्या मागून चालत होती. फॉर्म थांबवल्याचं तिला कळलं होतं. शाळेत अशी बातमी लपत नाही. तिनं काही विचारलं तर काय सांगायचं म्हणून मी इतका भराभर चालत होतो की वर्गाच्या दारात मला धाप लागली. तिनं काही विचारलं नाही. घरी गेलो तर आईनं वाढलेलं ताट तसंच राहिलं. सही केली आणि उद्या भाऊ तिच्या मावशीकडे सापडला तर? कच्ची नोकरी, त्यात तुरुंग. बहिणीचं लग्न कोण करणार? आणि नाही केली तर त्या मुलीचं लग्न ठरलेलंच. मी सरळ हिशेब मांडत होतो आणि प्रत्येक वेळी उत्तर माझ्या बाजूनं निघत होतं. त्याचीच मला लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती.

शनिवारी अडीच वाजता शाळेच्या व्हरांड्यात तिचे वडील उभे. मावशीचा निरोप मिळताच लढाईच्या दिवसांतल्या कोळशावर चालणाऱ्या मोटारीतून आले होते, धोतरावर काजळी बसली होती. ती त्यांच्या मागे उभी. मी त्यांना टाळून वर्गात शिरणार होतो, पण त्यांनी नमस्कार केला आणि मला थांबावं लागलं. विनवण्या करतील असं वाटलं होतं. त्यांनी विनवण्या केल्या नाहीत.

"मास्तरसाहेब," ते म्हणाले, "मला बी असाच एक कागद आलता. पोराचा. लिवून द्या म्हनले, ह्या पोराशी आमचा काय बी संबंद न्हाई, तो घरी आला तर आमी दार उगडनार न्हाई. न्हाई दिलं तर नोकरी जाती." त्यांनी पागोटं सारखं केलं. "म्या दिलं लिवून. चांगल्या अक्षरात दिलं. त्याची आय त्या दिसापासनं माज्याशी बोलत न्हाई. बराबर हाय तिचं. म्या तुमास्नी काय सांगावं? भ्या वाटलं का मानूस काय बी लिवून देतं. मला ठावं हाय. तुमी न्हाई म्हनला तरी माजा तुमच्यावर राग न्हाई."

मी आत गेलो. शूर झालो म्हणून नाही. त्या माणसासमोर आणखी एक मिनिट उभं राहण्याची भीती सहीच्या भीतीपेक्षा मोठी झाली, एवढंच. हेडमास्तरांच्या टेबलावर वाकून मी कागद लिहिला. बोटं इतकी कापत होती की सही माझीच आहे असं वाटेना. हेडमास्तरांनी ती चष्मा वर करून पाहिली, कागद फाडला आणि दुसरा दिला. दुसराही फाडला. तिसऱ्या वेळी म्हणाले, "असू द्या," आणि फॉर्म गठ्ठ्यात सरकवला. शिपाई गठ्ठा घेऊन टपालाला गेला. मी खिडकीतून तो कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत होतो. त्याला हाक मारून परत बोलवावं असं मला दोनदा वाटलं.

बाहेर आलो. ते दोघं तसेच उभे होते. "गेला," मी म्हणालो.

वडिलांचा चेहरा एकदम सैल झाला. डोळ्यांत पाणी आलं. "पोरगी सांगतच हुती," ते म्हणाले. "म्हनली, आबा, साएबानं समद्यांचं हात वर करायला लावलं आन माजाच हेरला. पन सरांनी लई सांबाळून घेतलं. सर मदी पडले म्हनून निभावलं. देवमानूस हाय तुमी."

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, खाली फरशीकडे बघत होती. वर्गात काय झालं ते तिच्याइतकं नीट कुणाला ठाऊक होतं? तिचा हात कुणी दाखवला, कुणी ओरडून सांगितलं, हे तिच्या समोरच झालं होतं. आणि तिनं बापाला हे असं सांगितलं होतं.

तिच्या बापाला खरं सांगावं असं माझ्या अगदी ओठांवर आलं. गुरुजी, तिला मीच पकडून दिलं. घाबरून. एवढं एक वाक्य. मॅट्रिकचा फॉर्म गेलेला होता, माझी सही झालेली होती, आता गमावण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. तरी ते वाक्य मी गिळलं. त्या भल्या माणसाच्या डोळ्यांतला तो विश्वास विझताना बघायचं मला भय वाटलं. पोलिसांचंही इतकं वाटलं नव्हतं.

माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठा तो माणूस पागोटं काखेत धरून माझ्या पायांवर वाकला. मी पाय मागे घेतले नाहीत.